सोलापूर सोडून गेलेल्या आपल्या माणसांचं मूळ घर, मूळ गाव कागदांवरून कसं शोधायचं

"आम्ही मूळचे सोलापूरचे" एवढंच घरात माहीत असतं, पुढं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात, अशी घरं मुंबईत, भिवंडीत, पुण्यात पावलोपावली भेटतात. पणजोबा गिरणीकामाला गेले, कोणी रेल्वेत लागलं, कोणी दुष्काळात बायकापोरांना घेऊन निघालं ते परत आलंच नाही, आणि दोन पिढ्यांत गल्ली विसरली, गावाचं नाव विसरलं, जिल्हा तेवढा तोंडात राहिला. हे परत सापडतं का? बऱ्याचदा सापडतं. पण लोक नुसतं आडनाव घेऊन तहसीलला जातात आणि हात हलवत परत येतात, कारण दप्तर आडनावावर लावलेलं नसतं, ते गावावर आणि नंबरावर लावलेलं असतं. माणूस गेला की त्याचं नाव आज ना उद्या कमी होतं, पण तो ज्या घरात राहिला, ज्या रानात राबला त्याचा नंबर दप्तरातून जात नाही, फार तर बदलतो, आणि बदलताना जुना आणि नवा शेजारी शेजारी लिहून ठेवलेला असतो. म्हणून सगळी धडपड एवढ्यासाठी करायची की पूर्वजाच्या नावावरून कुठलातरी एक नंबर हाती लागावा, घर नंबर म्हणा, सर्व्हे नंबर म्हणा, शाळेचा रजिस्टर नंबर म्हणा. तो मिळाला की एक कागद दुसऱ्या कागदाला ओढून आणतो.

घरातले कागद आणि घरातली भांडी

ऑफिसात जायच्या आधी घर धुंडाळा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, नोकरीचं सर्व्हिस बुक, गिरणीचा पास, जुनं रेशन कार्ड, विम्याची पॉलिसी, एखादा कोर्टाचा कागद. जुनी पोस्टकार्डं असतील तर मजकुरापेक्षा आधी पत्ता आणि पोस्टाचा शिक्का बघा, गाव छोटं असेल तर शिक्का शेजारच्या मोठ्या गावच्या पोस्टाचा असतो, म्हणजे तुमचं गाव त्याच्या आसपासच्या दहा-बारा गावांतलं एक. जुन्या लग्नपत्रिका टाकू नका. पत्रिकेच्या डोक्यावर कुलदैवताबरोबर ग्रामदैवताचं नाव असतं आणि शहरात राहायला गेलेली माणसंसुद्धा ते नाव बदलत नाहीत.

आणि भांडी. हे लोकांना सुचतच नाही. आपल्याकडं लग्नात, बारशाला, कुणाच्या स्मरणार्थ दिलेल्या भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे, आणि पितळी तांब्या, परात, घागर यांच्या काठाखाली ठिपक्या ठिपक्यांनी कोरलेलं असतं, देणाऱ्याचं नाव, गाव किंवा पेठ, कधी तारीखसुद्धा. माळ्यावरची काळी पडलेली घागर चिंच लावून घासा, तिरप्या उजेडात धरा आणि मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचा. अक्षर झिजलेलं असलं तर वर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली की उठतं. मामाकडून आलेल्या भांड्यावर मामाचं गाव असतं, म्हणजे पणजीचं माहेर कळलं, आणि माहेर कळलं की सासर कुठल्या टापूत असणार याचा अंदाज बांधता येतो, कारण त्या काळी सोयरीक बैलगाडीच्या टप्प्यातच व्हायची.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, त्यातही बायकांना, "आपलं गाव कुठलं" असं एकदम विचारू नका. पाणी कुठनं आणायचे, बाजार कुठल्या वाराला भरायचा, नदी ओलांडावी लागायची का, जत्रा कुणाची, शेजारी बोलायचे ते मराठी का कानडी का तेलगू, असं विचारा. शहरातल्या घराबद्दल विचारायचं तर गिरणीचा भोंगा ऐकू यायचा का, कुठली वेस जवळ, संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, दारावरून जायचे का की बघायला चालत जावं लागायचं. हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण सातही नंदीध्वजांची मिरवणूक उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यापासून निघते आणि तिचा मार्ग ठरलेला आहे. दारावरून जायचे म्हटल्यावर अख्खं शहर शोधायचं काम चार-दोन गल्ल्यांवर येतं.

गाव तेव्हा कुठल्या जिल्ह्यात होतं?

आजचा नकाशा घेऊन जुना कागद शोधायला गेलं की फसायला होतं. आज सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. १८८४ सालच्या गॅझेटियरमध्ये सातच आहेत: बार्शी, करमाळा, माढा, माळशिरस, पंढरपूर, सांगोला आणि सोलापूर. मोहोळ नाही, उत्तर-दक्षिण सोलापूर असे भाग नाहीत. म्हणून तुमच्या कागदावर "ता. माढा" असेल आणि माढ्यात ते गाव दिसत नसेल तर मोहोळमध्ये बघा. माळशिरस त्याच्याही आधी सातारा जिल्ह्यात मोडायचं. अक्कलकोट हे वेगळं संस्थान होतं आणि मंगळवेढा सांगली संस्थानात होतं, दोन्ही १९४८ पर्यंत, म्हणजे तिथल्या जुन्या नोंदी इंग्रजी अमलातल्या गावांसारख्या एकसारख्या ठेवलेल्या मिळतीलच असं नाही, संस्थानच्या दप्तराची वेगळी चौकशी करावी लागते. तुळजापूर, नळदुर्ग हा लागूनचा मुलूख निजामाचा. तिथले जुने कागद उर्दूत असतात आणि साल फसली, म्हणजे महसुली साल, असतं. इंग्रजी कागदावर शहराचं स्पेलिंग "शोलापूर" असं असतं, ऑनलाइन शोधताना तेही टाकून बघा.

एकाच नावाची गावं हा दुसरा घोळ. टेंभुर्णी माढ्यात आहे तशी जालना जिल्ह्यातही आहे, पिंपळनेर माढ्यातही आणि धुळ्याकडंही, नान्नज उत्तर सोलापुरात तसं जामखेडकडंही. नुसत्या गावाच्या नावावर विश्वास ठेवायचा नाही, शेजारच्या दोन गावांची नावं किंवा नदी-ओढा जुळतोय का बघायचं.

तिसरी गोष्ट आडनावाची. तुमचं आडनाव करकंबकर, वैरागकर, मोहोळकर असं असेल तर त्याच गावात जाऊन त्या आडनावानं शोधू नका, सापडणार नाही. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावानं कोण ओळखणार? ते आडनाव गाव सोडल्यावर लागलं. गावच्या दप्तरात तुमची माणसं कुलकर्णी, सुतार, पाटील, माळी अशा कामाच्या नाहीतर वतनाच्या नावानं असतील, किंवा आडनावाशिवायच, "रामा बिन सखाराम" एवढंच. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट भागात कानडी वळणाची नावं असतात, एकच माणूस एका कागदावर मल्लप्पा, दुसऱ्यावर मल्लू, तिसऱ्यावर मल्हारी होतो. बापाचं आणि आज्याचं नाव जुळलं तरच माणूस तोच धरायचा.

शाळेचं रजिस्टर: सगळ्यात सोपा दरवाजा

मला विचाराल तर गाव किंवा पेठ साधारण कळली की पहिली चक्कर शाळेत मारा. जमिनीच्या कागदात ज्याच्याकडं जमीन तोच सापडतो, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मजुराचं पोरसुद्धा सापडतं. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांमध्ये शंभर वर्षांमागची रजिस्टरं कपाटात असतात. शहरात नगरपालिकेच्या शाळा नंबरानं ओळखल्या जायच्या, मुलांची अमुक नंबर, मुलींची तमुक नंबर. शाळा बंद पडली किंवा दुसरीत विलीन झाली असेल तर रजिस्टर पुढच्या शाळेकडं जातं, केंद्रप्रमुखांकडं विचारलं की कळतं.

एक ओळ कशी वाचायची ते बघा. डावीकडं रजिस्टर नंबर. मग मुलाचं नाव, बापाचं नाव, कधी फक्त पालकाचं. पालक जर "मामा" किंवा "चुलता" असा लिहिलेला असेल तर तिथंच थांबून विचार करा, बाप आधीच गाव सोडून गेलेला किंवा मयत असू शकतो. पुढं जात, जन्मस्थळ, जन्मतारीख. तारीख एक जून दिसली तर ती खरी समजू नका, गुरुजी वय अंदाजानं धरून एक जून लिहायचे, साल मात्र एखाद-दोन वर्षं इकडंतिकडं बरोबर असतं. नंतर "पूर्वीची शाळा", यात आधीचं गाव मिळतं. आणि शेवटी शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. "घरकाम", "गैरहजर", "परगावी गेला", आणि नशीब असेल तर सरळ "मुंबईस गेला". तुमच्या घराण्याने गाव कधी सोडलं याची ही जवळपास पक्की तारीख. एकाच महिन्यात तीन भावंडांची नावं कमी झालेली दिसली तर अख्खं घर एकदम हललं असं समजायचं.

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, नातं लिहा, आणि निर्गम उतारा, म्हणजे रजिस्टरमधल्या त्या ओळीची नक्कल, मागा. एवढ्यावर अडत नाहीत सहसा.

जन्म-मृत्यूच्या नोंदी त्याच्या जोडीला. १९६९ च्या कायद्यानंतरच्या नोंदी शहरात महापालिकेकडं, खेड्यात ग्रामपंचायतीकडं. त्याआधीच्या खेड्यातल्या नोंदी म्हणजे गाव नमुना नंबर १४, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात, ते तहसीलच्या अभिलेख कक्षात असतं आणि बरंचसं मोडीत असतं. मुलाचं नाव तिथं नसतं कारण बारशाच्या आधीच नोंद झालेली असते, "मुलगा" किंवा "मुलगी" एवढंच, म्हणून बापाच्या नावावरून शोधायचं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली, निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली, त्या निमित्तानं गावोगावचे जुने नमुने, शाळेची रजिस्टरं बाहेर काढून तपासली गेली, स्कॅन झाली. तुमची जात कुठलीही असो, जिल्ह्याच्या सरकारी वेबसाईटवर टाकलेले हे स्कॅन आपल्या गावासाठी बघून घ्या, त्यावरून निदान तुमच्या गावचं कुठल्या सालचं दप्तर शिल्लक आहे हे घरबसल्या कळतं.

शहरातलं घर

सोलापूर शहराला एक मोठा फायदा आहे, नगरपालिका १८५२ पासूनची आहे आणि १९६४ ला तिची महापालिका झाली, त्यामुळं घरपट्टीची परंपरा जुनी. जुन्या पत्त्यात पेठ आणि घर नंबर असतो, "साखर पेठ, घर नं. अमुक". हा नंबर आजच्या दारावर बघायला जाऊ नका, मध्ये नंबर बदललेले असतात. महापालिकेच्या कर आकारणी विभागात पेठेचं जुनं आकारणी रजिस्टर मागायचं, त्यात मालकाचं नाव आणि भोगवटादाराचं, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचं, नाव असे वेगळे रकाने असतात. तुमचे पणजोबा भाड्यानं राहत असतील, आणि गिरणीतले बहुतेक भाड्यानंच राहायचे, तर ते मालकाच्या रकान्यात नाहीत म्हणून निराश होऊ नका, भोगवटादार बघा.

आकारणीवरून सिटी सर्व्हे नंबर मिळवायचा. तो मिळाला की नगर भूमापन कार्यालयातून दोन कागद घ्यायचे. एक मिळकत पत्रिका, म्हणजे शहरातल्या जागेचा मालकी उतारा, सगळ्यांना माहीत असते. दुसरा चौकशी नोंदवहीचा उतारा, जो फार कमी लोक मागतात आणि खरा खजिना तोच. सिटी सर्व्हे पहिल्यांदा झाला तेव्हा प्रत्येक घराची चौकशी झाली, जागा कुणाची, कशावरून, वडिलार्जित का खरेदी, कुठला दस्त दाखवला, चारी बाजूला कोण, हे सगळं त्या वहीत लिहिलेलं असतं. खरेदी असेल तर दस्ताचं साल मिळतं. मग दुय्यम निबंधकाकडं जायचं. नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर मुंबईचे दस्त १९८५ पासूनचे आणि बाकी महाराष्ट्राचे २००२ पासूनचे शोधता येतात, त्याआधीचं मात्र ऑफिसातल्या सूचीतून. सूची एक नावावर लावलेली, सूची दोन मिळकतीवर. नावानं शोधता येईल असं सरकारी दप्तर फार थोडं आहे, त्यातली ही सूची एक, म्हणून साल माहीत असेल तर हिचा शोध जरूर घ्या. जुन्या दस्तात घराचं वर्णन वाचायला मिळतं, माळवद किती खणांचं, आड कुठं, वहिवाटीचा बोळ कुठल्या बाजूला, वाचताना घर उभं राहतं.

पेठेचं नाव आठवत नसेल तर धंद्यावरून अंदाज बांधा. मोरारजी गोकुळदासांनी १८७७ ला काढलेली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल म्हणजे आपली जुनी मिल, नंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम. कामगार गिरणीच्या पायी चालत जाण्याच्या अंतरात राहायचे, काही गिरण्यांच्या स्वतःच्या चाळीच होत्या. हातमागावर किंवा नंतर पॉवरलूमवर काम असेल आणि घरात तेलगू बोलत असतील तर पूर्व भाग धरून चाला. पद्मशाली कुटुंबांचं स्थलांतर दुहेरी आहे, तेलंगणातून सोलापूर आणि सोलापुरातून पुढं भिवंडी-मुंबई. त्यांनी आधी सोलापूरचा टप्पा पक्का करावा, समाजाच्या संस्था आणि मार्कंडेय मंदिर यांच्याकडची देणगीदार-सभासदांची जुनी पुस्तकं बघावीत, त्यात मूळ तेलंगणातलं गाव किंवा घराण्याचं नाव मिळू शकतं, मग तिकडं जावं. मधली पायरी गाळून सरळ करीमनगर-वरंगलला गेलं तर धागा लागत नाही.

सेटलमेंटचा उल्लेख घरात होत असेल तर ती वेगळी वाट आहे. इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात डांबलं, ती जागा सोलापुरात आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला आणि कितीतरी घरं तिथून बाहेर पडली. कुंपणात हजेरी सक्तीची, म्हणून कुटुंबवार नोंदी ठेवल्या जायच्या. त्या जिल्हा आणि पोलीस दप्तरात, तसंच मुंबईच्या पुराभिलेखागारात विचाराव्या. ज्यांच्या पूर्वजांना त्या कायद्यानं छळलं त्यांना त्याच कायद्याच्या कागदांतून आपल्या आजा-पणज्यांची नावं मिळावीत, हा त्यांचा हक्कच आहे.

खेड्यातलं रान: आजच्या सातबाऱ्यावरून मागं मागं

गाव कळलं पण नंबर नाही, तर आधी त्या गावचा आठ-अ, म्हणजे एकेका खातेदाराच्या जमिनींचा उतारा, ऑनलाइन बघा, तुमच्या भावकीतलं कुणी अजून तिथं असेल तर त्यांच्या खात्यावरचे गट नंबर मिळतात. एका वाडवडिलांची जमीन वाटण्या होऊन शेजारी शेजारीच असते, म्हणून भावकीचा गट हा तुमच्या शोधाचा पहिला नंबर.

आता उलटा प्रवास. संगणकीय सातबाऱ्याआधीचे हस्तलिखित सातबारे मागवा, महाभूमीच्या आपले अभिलेख पोर्टलवर तालुका-गाव टाकून आधी बघा, तिथं नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज. हस्तलिखित सातबाऱ्यावर कमी झालेलं नाव खोडत नाहीत, कंसात टाकतात. तुम्हाला शोधायचीत ती ही कंसातली नावं. प्रत्येक नावाजवळ गोलात एक आकडा असतो, तो फेरफार नंबर, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदीचा नंबर. त्या नंबराचा फेरफार काढला की नाव का आलं, का गेलं ते कळतं: वारसानं, खरेदीनं, वाटणीनं, हक्कसोडीनं, कुळ कायद्यानं. वारसाचा फेरफार सगळ्यात मोलाचा, "अमुक मयत, त्यास वारस मुलगे तीन, पैकी दोन नंबरचा मुंबईस, मुली दोन, विवाहित", असं लिहिलेलं असतं. "परागंदा" असा शेरा दिसला तर वही बंद करू नका, त्या फेरफाराची तारीख उतरवून घ्या, माणूस त्याआधी गेला आणि गावाला त्याचा पत्ता नव्हता. एका फेरफारावरून मागचा, त्यावरून आणखी मागचा, असं जात जात विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत जाता येतं, कारण हक्कनोंदीची पद्धत मुंबई इलाख्यात तेव्हापासूनची.

मध्ये एका ठिकाणी धागा तुटतो. आज गट नंबर आहेत, जुन्या कागदावर सर्व्हे नंबर. १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली गावोगाव एकत्रीकरण योजना झाली तेव्हा सर्व्हे नंबर मोडून गट पडले. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात या योजनेचा ९(३) ९(४) चा उतारा मागायचा, त्यात जुना सर्व्हे-हिस्सा नंबर, जुन्या खातेदाराचं नाव आणि नवा गट एका ओळीत असतो. हा एक कागद नसला की पुढचं काम अडतं. कित्येक जण इथंच कंटाळून सोडून देतात, म्हणून मुद्दाम सांगतोय, हा उतारा आधीच मागून ठेवा.

कुळ कायद्याचे कागदही असेच दुर्लक्षित. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. मुंबईला गेलेल्यांनी जमीन कुळाला लावून दिली असेल तर कलम ३२ग ची चौकशी झालेली असणार, आणि त्या फाईलमध्ये मालकाला नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवली ते असतं. गावातला सर्व्हे नंबर आणि मुंबईतली चाळ-खोली, दोन्ही एकाच फाईलमध्ये! तुमच्या घरात चाळीचा पत्ता माहीत असेल तर हा पुरावा पक्का, माणसं तीच.

जमीनच नव्हती तर? मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत गेलेल्या दलित कुटुंबांनी वतन रजिस्टर, म्हणजे गावकामाच्या बदल्यात दिलेल्या जमिनींची वही, नक्की बघावं. महार वतनाच्या जमिनीत कुणाकुणाचा वाटा, कुणाची पाळी, हे वंशावळीसकट लिहिलेलं असायचं, आणि १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं संपली तेव्हा रीग्रँटसाठी, म्हणजे ती जमीन परत मिळण्यासाठी, नावं नोंदवली गेली. ज्या माणसांचं नाव गावानं नीट घेतलं नाही त्यांच्या चार-चार पिढ्या या कागदांत लिहिलेल्या मिळतात. पाटील, कुलकर्णी, देशमुख वतनांचंही तसंच, त्यांचे आणखी जुने कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तरात शोधता येतात.

उजनी धरणात गाव गेलेलं असेल तर करमाळा-माढ्याकडची माणसं विचारतात की आता काय बघायचं. जागा पाण्यात आहे पण भूसंपादनाचा निवाडा आहे, त्यात घरनिहाय, सर्व्हेनिहाय नावं आणि मोबदला, आणि पुनर्वसनाच्या यादीत नवं गावठाण.

मोडी, सालं आणि खुणा

मोडी शिकायचीच असं नाही, वाचून देणारे जाणकार जिल्ह्यात आहेत आणि पुराभिलेख विभाग मोडीचे छोटे वर्ग घेतो. पण आपलं आडनाव, बापाचं नाव, गावाचं नाव एवढं मोडीत कसं दिसतं ते एका कागदावर लिहून घ्या, म्हणजे शंभर पानं चाळताना नेमकं पान तुम्हालाच काढता येईल आणि वाचणाऱ्याला तेवढंच द्यायचं. "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" म्हणजे अमक्याची बायको, "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता (लहान मुलाच्या वतीनं पालक), "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, थोरला भाऊ बहुतेक. एकट्या थोरल्याचं नाव दिसलं म्हणून धाकटे नव्हते असं नाही. शकात ७८ मिळवले की इसवी सन, फसलीत ५९० मिळवायचे, वर्षाच्या सुरुवाती वेगळ्या असल्यानं एखाद्या वर्षाचा फरक पडतो.

सरकारी दप्तराबाहेर

हेळवी अजून येतात का गावात ते विचारा. सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडं कर्नाटकात हे लोक सुगीत घरोघर जाऊन वंशावळ म्हणून दाखवतात, त्यांच्या वह्यांत घराणं मूळ कुठून आलं, कुठं पांगलं हेही असतं. कुठल्या घराण्याचा कुठला हेळवी हे ठरलेलं असतं, भावकीतल्या म्हाताऱ्याला त्याचं नाव-गाव माहीत असतं. तसंच तीर्थक्षेत्री, त्र्यंबकेश्वरला, नाशिकला, पंढरपूरला उपाध्यांकडं गावनिहाय वह्या असतात. पूर्वजांनी स्वतः सांगून लिहवलेली नावं त्यात असतात, सहीसुद्धा कधी. त्यांच्या वहीतल्या माहितीला सालाचा आधार मात्र फेरफारातून किंवा शाळेतून घ्या, कारण ऐकीव भाग त्यात मिसळलेला असतो. ख्रिस्ती कुटुंबांनी चर्चची बाप्तिस्मा आणि लग्नाची रजिस्टरं, मुसलमान कुटुंबांनी काझींकडची निकाहाची दप्तरं बघावीत, दोन्हींत बापाचं नाव आणि गाव असतं.

पूर्वज थेट मॉरिशसला मजूर म्हणून गेले असतील तर उलटीकडनं या. तिथल्या मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांची रजिस्टरं आहेत, प्रत्येकाला नंबर, बापाचं नाव, जात, गाव, जिल्हा, आणि १८६० च्या दशकानंतरच्या अनेकांचे फोटो. गावाचं नाव कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलंय, ते मोठ्यानं वाचा, चार वेगवेगळ्या सोलापुरी माणसांना ऐकवा, कुणीतरी ओळखतंच.

ऑफिसात कसं वागायचं

अर्ज एका गावाचा, एका नमुन्याचा, नेमक्या सालांचा करा, "आमच्या पूर्वजांची सर्व माहिती मिळावी" असा अर्ज कुणीच हातात घेणार नाही. "मौजे अमुक, गाव नमुना १४, सन १९१० ते १९२०" असं लिहा, कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या. नंबरच माहीत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकारात नकलेऐवजी अभिलेख पाहणी मागता येते, समोर बसून रजिस्टर चाळायला मिळतं. "जीर्ण" किंवा "उपलब्ध नाही" असं तोंडी सांगितलं तर तेच नम्रपणे लेखी मागा, कधी कधी लेखी द्यायच्या वेळी दप्तर सापडतं. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरचं आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेत सोलापूरचं कुठलंच सरकारी काम काढू नका. पण माणसं भेटायला हेच दिवस उत्तम, बाहेरगावी गेलेले सगळे तेव्हा घरी आलेले असतात.

प्रत्येक उताऱ्याच्या मागं पेन्सिलनं लिहा: कुठल्या ऑफिसातून, कुठल्या रजिस्टरमधून, कुठल्या पानावरून, कधी. फोटोच्या फाईलला गाव-नमुना-साल असं नाव द्या. वर्षानं तुमचा पुतण्या हे पुढं न्यायला बसला तर त्याला परत शून्यापासून नको.

जागेवर गेल्यावर

गाव नकाशावर गट बघून रान दाखवायला कोतवालाला किंवा भावकीतल्या माणसाला बरोबर घ्या. गावात पाऊल ठेवल्या ठेवल्या लोकांच्या मनात एकच शंका येते, हा जमीन मागायला आलाय. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही आमचं घर बघायला आलोय, कागदांची फाईल पिशवीतच ठेवा, आधी देवळात जा, चहा घ्या, मग विषय काढा. विकलेल्या किंवा कुळाकडं गेलेल्या जमिनीवर आज तुमचा काही हक्क राहत नाही, हे स्वतःच्या घरात आधी स्पष्ट करून निघा.

आणि कधी कधी उलटं होतं, पणजोबांचं नाव सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर अजून तसंच असतं, कारण वारस नोंद करायला कुणी आलंच नाही. तसं असेल तर सगळ्या शाखांच्या वारसांची वंशावळ शपथपत्रावर करा, बहिणी-आत्यांची नावं गाळू नका, मृत्यूचे दाखले जोडा, आणि रानासाठी तलाठ्याकडं, ज्यांना आता कागदावर ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, किंवा ई-हक्क प्रणालीतून अर्ज करा, शहरातल्या घरासाठी नगर भूमापन कार्यालयात. मृत्यूचा दाखलाच नसेल, आणि शंभर वर्षांमागच्या माणसाचा बहुतेक नसतोच, तर आधी गाव नमुना १४ मधली मयत नोंद शोधायला परत तहसीलच्या अभिलेख कक्षात.